सरकीच्या राखणीत उठलेलं गाव

नांगर धरला की माझं तास, म्हणजे नांगराची रेघ, गोमाई नदीच्या पात्रासारखं वळत जायचं, म्हणून थोरल्या भावाने मला नांगरावरून काढलं आणि सरकी सांभाळायला दिली. हे काम हलकं, यात बिघडवण्यासारखं काही नाही, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

आमचं गाव शहाद्यापासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर. आई-वडील मी लहान असतानाच पाठोपाठ गेले. दादानेच मला वाढवलं, मराठी सातवीपर्यंत शिकवलं, आणि सातवी पास झालेल्या माझा शेतीला काडीचा उपयोग नाही हेही पहिल्यांदा त्यालाच कळलं. तो मला ‘मास्तर’ म्हणे. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे त्या दिवशी मी काय करून ठेवलंय यावर असे.

पौषात जिनात कापूस लोढला जाऊ लागला की सरकी, म्हणजे त्यातून निघणारं बी, स्वस्त होते आणि उन्हाळ्यात चढते, म्हणून दादा वर्षाची सरकी एकदमच गाड्या भरून आणून टाकी. आमचे चार बैल, दोन गायी आणि एक म्हैस. कडबा बाहेर गंजीत राही, पण सरकी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. सरकीत तेल असतं म्हणून बैलांच्या अंगावर तुकतुकी येते, आणि त्याच तेलापायी गावातल्या एकूण एक उंदराला आमच्या घराचा रस्ता पाठ होता. उंदीर खातो मूठभर आणि नासवतो पोतंभर. त्याचं मूत लागलेल्या सरकीला बैल तोंड लावत नाही. घमेलं पुढे ठेवलं तर एक फुंकर मारतो आणि तुमच्याकडे असं बघतो की आपणच मुतलोय असं वाटावं.

पहिल्या वर्षी मी पोती आढ्याला दोरांनी टांगली. उंदीर दोरावरून खाली उतरले. मी दोरांना एरंडेल चोपडलं. त्यांना एरंडेल आवडत असावं, कारण त्यांनी दोरच कुरतडले आणि एक पोतं भर दुपारी माझ्या खांद्यावर आलं. पंधरा दिवस हात वर होत नव्हता. दादा म्हणाला, तसाही तो कुठे लागतो.

दुसऱ्या वर्षी मी चार पायांचा माच केला आणि प्रत्येक पाय पाण्याच्या गाडग्यात उभा केला. बायका मुंग्यांसाठी दुधाच्या भांड्याखाली पाणी ठेवतात, ते बघून सुचलेली ही युक्ती. दोनच दिवसांनी वासरू सुटलं, चारही गाडगी प्यायलं आणि जाताना एक फोडून गेलं.

तिसऱ्या वर्षी मात्र मला खरंच अक्कल सुचली. शहाद्याहून रॉकेलचे रिकामे डबे आणले, कापून त्यांचा पत्रा सपाट केला आणि कमरेएवढ्या उंच माचाच्या पायांना तो खालपासून वरपर्यंत गुंडाळून ठोकला. गुळगुळीत पत्र्यावर उंदराचं नख ठरत नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. यापेक्षा स्वस्त आणि चांगली तोड मला आयुष्यात दुसरी सापडली नाही. फक्त मी तो माच भिंतीला टेकवून उभा केला होता. आमची घरं धाब्याची, एकाला एक चिकटलेली. माती आणि काटक्यांच्या त्या छपरांत उंदरांची आमच्या गावापेक्षा जुनी वस्ती. ते पायांकडे फिरकलेच नाहीत. छपरातून भिंतीवर आणि भिंतीवरून सरळ पोत्यावर पाऊल टाकत आले.

दादाने येऊन भिंतीला हात लावला, माचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, पाय बंद कयात आनि दरवाजा उघडा ठी दिन्हा,” तो म्हणाला. “माच भीतपासून दोन हात सरकाव.”

एवढंच करायचं होतं. पण माच सरकवायचा तर वरची तीस पोती आधी खाली घ्यायची, मग पुन्हा वर चढवायची. मी म्हटलं, उद्या करतो. पुढे जे जे झालं ते सगळं त्या ‘उद्या’त झालं.

वहिनीला त्या पौषात नववा महिना लागला होता. आधीचं मूल जन्मताच गेलेलं, म्हणून या वेळी दादा फार जपून होता. घरात बाई गरोदर असली की घरच्या पुरुषाने जीव घेऊ नये, त्याची झळ पोटातल्या जिवाला लागते, असं आमच्याकडे मानतात. दादाने ते अक्षरशः पाळलं. गोठ्यात साप निघाला तर काठीवर धरून नाल्यापर्यंत पोचवून आला. विंचू चिमट्यात धरून बाहेर सोडायचा. उंदरांचा पिंजरा त्याने आधीच काढून ठेवला होता आणि मला बजावलं होतं की ती मोकळी होईपर्यंत या घरात कुणी काही मारायचं नाही, खाऊ दे त्यांना काय खायचं ते.

मी सातवी पास. असल्या गोष्टी न मानणाऱ्यांतला. म्हणजे दिवसाउजेडी तरी. शहाद्याला गेलो तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानातून शेतातल्या घुशींसाठी म्हणून सोमल नावाचं विष मागून आणलं. ज्वारीच्या पिठात गूळ आणि सोमल घालून गोळ्या केल्या आणि माचाखाली, भिंतीच्या कडेला, छपराच्या भोकांशी ठेवून दिल्या. तीस पोती उतरवण्याचा कंटाळा होता, म्हणून हे केलं. मोठं कारण शोधायला गेलो तर सापडत नाही.

दोन दिवसांनी पहिले उंदीर मिळाले. बैलांच्या पाण्याच्या डोणीत दोन, मोरीत तीन. मी ते पहाटे शेणाच्या पाटीत घालून उकिरड्यावर पुरले आणि स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी वहिनीची मांजर चुलीमागे आखडून पडलेली सापडली. वहिनी रडली. मी तिला सांगितलं, मांजरी म्हाताऱ्या झाल्या की अशाच जातात. ती मांजर दीड वर्षाची होती.

आणि मग उंदीर आमच्या घरापुरते राहिले नाहीत. छपरं एकमेकांना जोडलेली. गोळ्या आमच्याकडे खाल्ल्या आणि मरायला ते गावभर गेले. शेजारच्या घरी पाणी तापवायच्या चुलाण्यापाशी पडले. त्याच्या पलीकडच्या घरी रांजणाशी. मारुतीच्या पायरीवर दोन पडले, ते सकाळी पूजेला गेलेल्या बाईने पाहिले आणि तांब्या तिथेच टाकून ती घरी पळाली.

त्या काळात घरात उंदीर पडणं म्हणजे काय, हे आज कुणाला सांगून कळायचं नाही. उंदीर पडला म्हणजे गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी उंदीर, मग आठ-दहा दिवसांत माणसं; काखेत नाहीतर जांघेत गाठ, ताप, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिरडी. त्याआधीच्या साथीत आमच्या गावची कितीतरी घरं बंद झालेली. त्यामुळे उंदीर दिसला की कुणी विचार करत बसत नसे. गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या आणि दोन-अडीच महिने तिथेच राहायचं, एवढंच लोकांना माहीत.

पाटलांनी माणसं चावडीवर बोलावली. मीही गेलो. पाटील उभे राहून सांगत होते की उद्या दुपारपर्यंत गाव रिकामं झालं पाहिजे, धान्य-चारा घरातून बाहेर काढायचा नाही, फक्त गंजीतला कडबा घ्यायचा. एका म्हाताऱ्याने घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी बोलायला तोंड उघडलं. नक्की उघडलं, मला आठवतं. आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, की झोपडीला साधारण किती बांबू लागतील.

पाटलांना माझ्यात हुशारी दिसली. कुलकर्णी परगावी गेलेला. मामलेदाराला लेखी कळवायचं होतं. पाटील म्हणाले, मास्तर, तू लिही. आणि मी चावडीच्या ओट्यावर मांडी घालून लिहिलं, की मौजे मजकुरी गेल्या तीन दिवसांपासून उंदीर पडू लागले असून रयत भयभीत आहे, सबब गाव उठवीत आहोत. कोणत्या घरी किती पडले तेही लिहिलं. आमच्या घरचे मात्र लिहिले नाहीत. अक्षर फार सुरेख आलं होतं. पाटलांनी त्याची एक नक्कल स्वतःसाठीही करून घेतली, तीही मीच केली. घरी जाताना उरलेला सोमल गोमाईत टाकला आणि पुडीचा कागद चावून गिळला. विषाच्या पुडीचा कागद गिळणारा माणूस किती शहाणा, हे वाचकांनी ठरवावं; मला त्या रात्री पोटात कळा आल्या आणि त्या मी कुणालाही सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाव निघालं. वहिनीला गाडीत गवतावर निजवलं होतं, खाचखळगा आला की दादा चाकाला खांदा लावी. माळावर तुराट्यांचे कूड आणि कडब्याच्या पेंढ्यांच्या भिंती अशा झोपड्या उभ्या राहिल्या. बैलांचा चारा आमच्या भिंतींत गेला आणि सरकी गावात राहिली. बैल रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभे. सातपुड्यावरून येणारं वारं त्या भिंतींतून असं शिरायचं की आत बसलं काय आणि बाहेर बसलं काय.

मी स्वतःशी हिशेब घालत होतो. वहिनीला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर कुणी माणूस आजारी पडणार नाही, लोकांना आपोआप कळेल, गाव परत जाईल. मला काही बोलावंच लागणार नाही. हा हिशेब मला इतका पटला होता की मी त्या दिवसांत पोटभर जेवत होतो.

चौथ्या दिवशी वहिनीला ताप भरला. थंडी वाजून, दात आपटून. दुपारपर्यंत माळभर झालं की यांच्या झोपडीत ताप आला. कुणी भांडलं नाही. शेजारच्यांनी फक्त आपल्या झोपडीच्या मेढी उपटल्या आणि पलीकडे नेऊन रोवल्या. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. संध्याकाळपर्यंत आमच्याभोवती मोकळं रान झालं. गावातली सुईण येणार होती. तिने निरोप पाठवला की तिच्या पदरी लेकरं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या कंबरेत कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच.

दादा झोपडीच्या दाराशी उकिडवा बसला होता. त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं. गाठीचा ताप असलेली बाई बाळंत होणार, जवळ कुणी नाही, आणि त्याने तर साप-विंचूसुद्धा मारला नव्हता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. मांजर, गोळ्या, सोमल, पोती, माच. उलट्या क्रमाने सांगितलं असावं, कारण त्याला कळायला वेळ लागला. आणि शेवटी म्हटलं, दादा, म्हणजे वहिनीला गाठीचा ताप नाहीये.

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“कितला दिन व्हयनात?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, दहा.

“दहा दिन तू मन्हासंगे एकच ताटमा जेवना,” तो म्हणाला. एवढंच. मग म्हणाला की जा, पाटलाला सांग, सुईण घेऊन ये.

पाटलांच्या झोपडीपुढे मी वीस पावलांवर उभा राहिलो, कारण त्यांनी मला तिथेच थांबवलं. तिथूनच ओरडून सांगितलं. त्यामुळे आसपासच्या चार झोपड्यांनीही ऐकलं, आणि त्यातल्या कुणाचाही चेहरा हलला नाही. मला आधी कळेना की हे लोक रागावत का नाहीत. मग कळलं की त्यांचा विश्वासच बसला नव्हता.

पाटील शांतपणे म्हणाले, “गेली साथमा बी एक घरनं असंच सांगं. इखघाई मरनात म्हने उंदीर. आम्ही ऐकं. तेरा दिनमा मन्ही बायको गई.”

आमचे खरंच विषाने मेले, अशी मी शपथ घेतली. पाटलांनी विचारलं, उरलेलं विष दाखव. मी म्हटलं, नदीत टाकलं. पुडीचा कागद? म्हटलं, गिळला. चार झोपड्यांपैकी एकीतून कुणीतरी हसलं. मग पाटलांनी आत जाऊन तो कागद आणला, मी केलेली नक्कल, आणि दुरूनच माझ्यापुढे धरली.

“हाई अक्षर कोनं शे, मास्तर?”

माझंच होतं. भावजयीसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो, असं ते म्हणाले, आणि त्यात त्यांना माझी दयाच आली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं सांगायला गेलो होतो आणि माझ्याच सुरेख अक्षराने मला खोटं पाडलं.

गावाची सुईण येणार नाही हे उघड होतं. दुसरी एकच बाई होती. भिलाटीतली, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतली, माणसंही आमच्यासारखीच घरं सोडून नाल्याच्या पलीकडे महूच्या झाडांखाली उतरली होती. तिथे एक भिल्ल डोकरी, म्हातारी बाई, होती, तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलेलं, मीसुद्धा. तिच्याकडे पळत गेलो. ती महूखाली बसून टोपली विणत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, या वेळी सरळ क्रमाने.

ती विणत राहिली. मग तिने विचारलं, उंदीर कुठे कुठे मेले. मी सांगितलं. डोण, मोरी, चुलाण्याशी, रांजणाशी. मारुतीच्या पायरीवरचे? मी आठवून म्हटलं, तिथे पाय धुवायचं घंगाळ असतं. बैलांना काही झालं का? नाही, त्यांना ती सरकी अजून घातलीच नव्हती. मांजर? मेली. कुत्र्यांना काही झालं का, कावळ्यांना? उकिरड्यावर एक कावळा मरून पडला होता खरा. ते मी तोवर कुणालाच बोललो नव्हतो, स्वतःलासुद्धा.

तिने टोपली खाली ठेवली. “गाठना उंदीर पाणीकडे जात नही, पोऱ्या. तो मानूसना पायमा येस, गरगर फिरस नि पडस. हाई पाणी पाणी करीसन मरनात.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “झूट बोलशी ते पहिली मी मरसू. मंग मन्ही नातसून, ती मन्हाच झोपडीमा राहस.”

मी म्हटलं, खरं आहे.

“खरं असीन ते तू बी आत चाल. तिनी पाठ धर. तुले भ्याव लागनं ते मी दारमाईन मांगे फिरसू.”

बाळंतिणीच्या खोलीत नवराही जात नाही, दीर तर लांबच. पण तिचं बरोबर होतं. गाठीच्या तापाच्या माणसाला कुणी मिठी मारत नाही. मला शपथा घालून काय उपयोग. मी कुठे बसतो ते बघणं हीच तिची परीक्षा होती.

आम्ही दोघं माळावरून चाललो तेव्हा सगळ्या झोपड्या बघत होत्या. दादाने मला आत जाताना पाहिलं आणि तो बाजूला झाला. आत कडब्याचा आणि घामाचा वास होता. वहिनीचं अंग तव्यासारखं तापलेलं. मी तिच्या मागे गुडघे टेकून बसलो, तिच्या काखांतून हात घालून तिला धरलं. डोकरीने आधी तिच्या जांघा आणि काखा चाचपल्या, बोटं रुतवून, दोनदा. गाठ नव्हती. हिवताप आहे म्हणाली, थंडीचा आणि वाऱ्याचा. आणि हे म्हणाल्यावरही माझ्या तोंडाकडे बघायची थांबली नाही.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. सोमल मीच ठेवला होता, उंदीर मीच मारले होते, आणि तरी त्या तापलेल्या पाठीला छाती लागल्यावर मनात आलं, कुणी सांगावं, त्यातला एखादा खरोखरच गाठीचा असला तर? स्वतःच्या गुन्ह्यावरही माझा पुरता विश्वास नव्हता. पण उठलो नाही. उठलो असतो तर ती डोकरीही उठली असती.

दोन कळांच्या मध्ये मी वहिनीच्या कानाशी सांगायला लागलो, की वहिनी, हे सगळं माझ्यामुळे, उंदीर मीच...

“आते बोलू नका, भाऊ,” ती म्हणाली. “पाठ धरा.”

तिची नखं माझ्या मनगटात शिरली होती. दुपार कलायच्या सुमाराला मुलगी झाली. आधी रडली नाही. डोकरीने तिला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापटलं, तोंडात बोट घालून काहीतरी काढलं, पुन्हा थापटलं. मी ते मोजत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अकराव्या थापेला ती रडली. नंतर पाहिलं तर बाहेर दादा बसल्या जागी दोन्ही हातांनी माती धरून होता.

वहिनीचा ताप कुटकीच्या काढ्याने हळूहळू उतरला, पण उठून बसायला तिला महिना लागला. मुलगी जगली. डोकरी रोज नाला ओलांडून येत होती आणि तिला काही झालं नाही, तिच्या नातसुनेलाही नाही. हे बघून आठ-दहा दिवसांनी लोकांनी आमच्याकडे शिधा-पाणी आणून द्यायला सुरुवात केली. पण गाव परत गेलं नाही. माझ्या अक्षरातला कागद मामलेदाराकडे पोचला होता आणि वरून हुकूम आला होता, की अमुक दिवस गावात पाऊल टाकायचं नाही. मला घरी जायचं होतं आणि मीच लिहून दिलं होतं की जाऊ नका. तोवर आमच्या बैलांनी झोपडीच्या भिंती खाल्ल्या. रोज दोन पेंढ्या उपसून त्यांच्यापुढे टाकायच्या आणि तिथे फाटकी घोंगडी लावायची.

फाल्गुनात हुकूम उठला. दादा सगळ्यांच्या आधी एकटा गावात गेला आणि त्याने तीसच्या तीस पोती सरकी खड्ड्यात घालून वरून माती ओढली. उंदरांनी एखादी गोळी कुठल्या पोत्यात ओढून नेली असेल हे कोण सांगणार. त्याने माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता याचा मला तेवढाच एक पुरावा मिळाला. त्या वर्षी बैलांनी निव्वळ कुटारावर, म्हणजे भुश्यावर, दिवस काढले आणि पावसाळ्याला नांगराला जुंपले तेव्हा त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. चारापाणी, माच, पोती यांच्याजवळ मला त्यानंतर दादाने फिरकू दिलं नाही. माझ्याकडून नांगर पुन्हा धरवला. तास वाकडं गेलं तरी तो काही म्हणत नसे. ‘मास्तर’ म्हणायचंही त्याने सोडलं. नावाने हाक मारू लागला, आणि मला ते फार जड गेलं.

गावाचं म्हणाल तर पाटलांचं नाव झालं. वेळीच गाव उठवलं म्हणून एकही माणूस गाठीने गेला नाही, असं लोक सांगत. पलीकडच्या गावांचे पाटील त्यांना भेटायला येत. माळावरच्या थंडीत एक म्हातारा मात्र गेला, तोच, चावडीवर ज्याने घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती तो. त्याला आधीपासूनच दमा होता, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पुढे एक-दोनदा मला वाटलं की चावडीवर उभं राहून पुन्हा सांगावं. एकदा तर सांगितलंही. लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, भावजयीवर याचा फार जीव, त्या धसक्यातून तो अजून बाहेर आला नाही.

वहिनीने मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. माळावरून परतल्यावर पहिल्यांदा मी मुलीला घ्यायला हात पुढे केले. तिने मुलगी दिली नाही. पदराखाली धरून ठेवली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

“हात धुई ऊनात का?”

मी जाऊन राख लावून हात धुतले आणि आलो. मग तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि चूल फुंकायला गेली. शेजारणी म्हणाल्या, बरोबर आहे, साथीनंतर एवढी काळजी घ्यायलाच हवी. त्यानंतर त्या मुलीला मी जितक्या वेळा घेतलं, आणि तिच्या पाठीवरच्या दोघांना जितक्या वेळा घेतलं, तितक्या वेळा वहिनीने मला तेच विचारलं, त्याच आवाजात, आणि तितक्या वेळा मी उठून मोरीवर गेलो.